इतिवृत्तातली शिवी

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

परवा तू निघालास तो रागातच. दारात मी काही बोलले नाही, कारण बाबा बोलत होते, आणि दोघं एकदम सुरू झालो की तुझ्या डोक्यात काहीच शिरत नाही. म्हणून लिहितेय.

सोसायटीच्या सभेत तू उठलास हे मला आवडलं, ते आधी सांगते. त्या गृहस्थांनी नव्या भाडेकरूंबद्दल तारे तोडले तेव्हा आम्ही तीसेक माणसं गप्प होतो. मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. आणि बोलले किती गोड! ‘गैरसमज नसावा’, ‘कुणाला दुखवायचा हेतू नाही’, आणि मग ‘ही जमात इमारतीत नकोच’. अख्ख्या बोलण्यात अपशब्द म्हणून एक नव्हता. त्यामुळे ‘सभ्य भाषेत बोलावं’ असा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही.

पण तू घातलेली शिवी लागली कुणाला? त्यांच्या आईला. ती बिचारी तिथे नव्हतीच. आपल्या बऱ्याचशा शिव्यांचं हेच आहे. खोडी बाप्याची आणि उद्धार आईचा, बहिणीचा, नाहीतर कुठल्यातरी जातीचा. माणसांना हलकं लेखणाऱ्याला झापताना तुझ्या तोंडात तसलाच शब्द आला, ते मला खुपलं. मीही कुणाची तरी आई आहे, तेवढा माझा स्वार्थ धर हवा तर.

शिवी दिली की बरं वाटतं, हे खरंच आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला होता. शिवी म्हणत राहिलं की तो जास्त वेळ ठेवता येतो, असं त्यांना आढळलं. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. मला त्यात नवल वाटलं नाही. पाठीत उसण भरली की मी काय पुटपुटते ते तू ऐकलंयस. पण त्या संध्याकाळी गार पाण्यात हात होता तो शेवटच्या रांगेतल्या त्या नव्या भाडेकरू बाईचा. ती उठून भ-च्या बाराखडीवर आली असती, तरी मी चकार शब्द काढला नसता. तू तिच्या वतीने बोलत होतास. ते गृहस्थ बोलत होते तेव्हा ती मांडीत हात घट्ट धरून बसली होती. तुझी शिवी आली तेव्हा तिने ते हात सोडवून शेजारच्या पोराचे कान झाकले. तुझी पाठ होती, तुला दिसलं नसेल.

पुढचं तू पाहिलंसच. ‘बघा हे संस्कार!’ म्हणून गृहस्थ खुर्चीत बसले, आणि मघापर्यंत मिठाची गुळणी धरलेल्या सगळ्यांना कंठ फुटला. त्यांना तुझ्या शिवीने पळवाट दिली.

मला १९५४ सालचे अमेरिकी लष्कराचे वकील जोसेफ वेल्च आठवतात. अमेरिकी लष्कर आणि सिनेटर मॅकार्थी यांच्या वादाची सुनावणी टीव्हीवर चालू होती. मॅकार्थींनी वेल्च यांच्या हाताखालच्या एका तरुण वकिलावर, जो तिथे हजरही नव्हता, कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयाची राळ उडवली. वेल्च यांनी विचारलं, तुमच्यात सभ्यपणा म्हणून काही उरलाय की नाही? मॅकार्थी बोलतच राहिले, पण शेवटी टाळ्या पडल्या त्या वेल्च यांना. आता, ते मुरलेले वकील आणि तू चोवीस वर्षांचा. तुला तिथल्या तिथे असं सुचावं अशी माझी अपेक्षा नाही. पण ‘ते वाक्य परत म्हणा, त्यांच्याकडे बघून म्हणा,’ एवढं तर म्हणता आलं असतं? मला हेही घरी आल्यावर, भांडी विसळताना सुचलं. आणि मी तर तोंडच उघडलं नव्हतं, हे विसरलेले नाही.

काल सभेचं इतिवृत्त आलं. त्यात लिहिलंय, ‘एका सभासदाच्या मुलाने अर्वाच्य भाषा वापरली.’ गृहस्थांचं वाक्य कुठेच नाही. मी सचिवांना फोन केला, म्हटलं, लिहायचं तर दोन्ही लिहा, माझ्या मुलाचा शब्दसुद्धा जसाच्या तसा लिहा. ते म्हणाले, ‘वहिनी, कशाला वाढवताय?’ उद्या लेखी अर्ज देणार आहे. मसुदा पाठवते, शुद्धलेखन तेवढं बघ.

तुझी,
आई