ऐन वेचणीच्या तोंडावर कापसाचं आयात शुल्क का काढलं?

यवतमाळ जिल्हा,
ऑक्टोबर 2025

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सादर नमस्कार.

पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला आहे. विकावा की थांबावं, हे ठरत नाही, म्हणून थेट आपल्यालाच लिहितो आहे.

अमेरिकेने 27 ऑगस्टपासून आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं. तमिळनाडूतल्या तिरुपूरहून निर्यात होणारा कपडा अडला तर आमचा कापूस तरी कोण घेणार? गिरण्या जगल्याच पाहिजेत. पण त्यांच्यासाठी आपण कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत माफ केलं. कोरडवाहू शेतकऱ्याचे विकायचे महिने नेमके हेच. कृषी केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, दिवाळी, सगळं याच पैशातून.

32 मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसावरचं शुल्क फेब्रुवारी 2024 मध्येच निघालं होतं. तो आपल्याकडे कमी पिकतो, त्यामुळे ते पटलं होतं. या वेळी मोकळीक मिळाली ती आम्ही पिकवतो त्याच कापसाला.

आणि आमची बरोबरी कुणाशी? सरकारी अनुदानावर उभ्या असलेल्या अमेरिकन कापूस उत्पादकाशी. ब्राझीलने 2002 मध्ये याच अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, ती जिंकली, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊनच प्रकरण मिटवलं. आपण मात्र ज्या महिन्यात अमेरिकेने शुल्क लादलं, त्याच महिन्यात तिच्या कापसाला वाट करून दिली. हे मला फार लागलं.

हमीभाव आहे, असं आपण म्हणाल. आम्ही पिकवतो त्या लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये, कागदावर चांगलाच. पण सरकारी खरेदीत 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, आणि यंदा सप्टेंबरच्या पावसाने बोंडं झाडावरच भिजली. असा कापूस शेवटी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो. तो व्यापारी हमीभाव विचारत नाही, परदेशातून कापसाची गाठ कितीला पडते ते बघतो.

गिरण्यांना मदत तिजोरीतून करा, व्याजात सवलत द्या. हमीभावाच्या खाली विकलेल्या कापसाचा फरक आमच्या खात्यात जमा करा. याला वेळ लागेल, हे कळतं. पण 31 डिसेंबरनंतर शुल्कमाफी वाढणार नाही, एवढं तरी आजच जाहीर करा. दुसरी वेचणी जवळ आली आहे. घरातला कापूस ठेवायचा की गाडीत भरायचा, ते त्याआधी ठरवावं लागेल.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी