टॅमोक्सिफेनच्या गोळीबरोबर एक ओळ मराठीत लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं वय ६१. पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती आणि यंदा करीच्या दिवशी परकराला डाग दिसला. २७ वर्षं अंगणवाडीत काम केलं, गावातल्या लेकीसुनांना दटावून दवाखान्यात धाडलं. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र ‘उष्णता पडली असंल’ म्हणत दोन महिने धने-जिऱ्याचं पाणी पीत बसले.

मग तालुक्याला सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं अस्तर ११ मिलिमीटर. तिथले डॉक्टर म्हणाले, “या वयात पिशवी काय करायची? काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” बीड जिल्ह्यात हे बोलणं नवं नाही. ऊसतोडीच्या बायांच्या एवढ्या पिशव्या निघाल्या, की २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. लेक अडून बसली, आधी संभाजीनगरला दाखवू.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? चार वर्षांपूर्वी माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रोज टॅमोक्सिफेन. ही गोळी स्तनात इस्ट्रोजेनला, म्हणजे बाईच्या अंगातल्या हार्मोनला, अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागते. खत मिळावं तसं अस्तर वाढतं, त्याला कोंब फुटतो. तोच पॉलिप. माझ्या जावेला ही गोळी नाही, तरी तिलाही निघाला होता. तिचं वजन ८४ किलो, वर बीपी. पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होत राहतं म्हणे. बहुतेक पॉलिप साधे असतात. पण पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल तर तो काढून तपासावाच लागतो, कारण काहींत कॅन्सर सापडतो. माझा दुर्बिणीतून काढला. टाका नाही, संध्याकाळी घरी. रिपोर्ट साधा आला. पिशवी जागेवर आहे, गोळीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालूच आहे.

तक्रार एवढीच, की चार वर्षांत ‘डाग दिसला तर त्याच आठवड्यात या’ असं मला कुणी सांगितलं नाही. गोळीच्या खोक्यातला कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. आमच्या अंगणवाडीच्या रजिस्टरातही गरोदर आणि स्तनदा मातांचे रकाने होते, पाळी गेलेल्या बाईचा नव्हता. निदान ही गोळी देणाऱ्यांनी केसपेपरवर तेवढी ओळ मराठीत लिहावी. लिहायला वेळ नसेल तर शिक्का मारावा. केजला तो दीडशे रुपयांत करून मिळतो.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. केज, जि. बीड