आरएनए केवळ निरोप्या नव्हे

महोदय,

आरएनए लशींवरचा आपला लेख वाचला. आरएनएची ओळख ‘डीएनएचा निरोप्या’, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना पोचवणारा, एवढ्यावरच आटोपली, हे खटकले. रॉकफेलर विद्यापीठातील पीटर वॉल्टर आणि ग्युंटर ब्लोबेल यांनी १९८२ मध्येच प्रथिनांच्या वाहतुकीत आरएनएचा हात असल्याचे दाखवले होते. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाचे टोक रायबोसोममधून (पेशीतील प्रथिने जोडणाऱ्या यंत्रातून) डोकावते न डोकावते, तोच सहा प्रथिने आणि सुमारे ३०० अक्षरांचा आरएनए मिळून झालेला कण ते धरतो, जोडणी थोपवतो आणि रायबोसोमसकट आंतर्द्रव्यजालिकेपाशी, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यापाशी, नेतो. तिथे पोचल्यावरच पुढची जोडणी! या आरएनएवरून कोणतेही प्रथिन बनत नाही. पुरवणीत लशींइतकीच जागा अशा मूलभूत संशोधनालाही द्यावी.

– एक वाचक, सातारा