आप्पा, उजवीकडची झांज कशी येते ते सांगायला

ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं तुमच्यासमोर बसून बोलता आलं असतं. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडला की तुमचं दुकान कितीसं लांब? पण मी आभाराचा शब्द काढला की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून इथे, चारचौघांत लिहितेय. तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेलच.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती हेडफोनचा तुटलेला जॅक घेऊन. त्याआधी दोन दुकानांत "नवीन घ्या, हे होत नाही" ऐकून झालं होतं. तुम्ही "आठे बठ माय", इथे बस, म्हणालात, स्टुलावरचा वायरचा गुंडाळा उचलून खाली ठेवलात आणि कामाला लागलात. ब्लेडने जॅकचं रबर कापलं, आतल्या केसासारख्या तारा सुट्या केल्या. लाल, निळी, तांबडट. मला वाटलं होतं की त्या उघड्याच असतात. तुम्ही त्यांच्या टोकांना लायटर दाखवलात तेव्हा कळलं की प्रत्येक तारेवर रंगाचा पातळ थर असतो आणि तो जाळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही. जॅकच्या टोकाला डावी, मधल्या कड्याला उजवी, मागे अर्थिंगची तार. वीस मिनिटांचं काम. आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, "काय ऐकतेस यावर?"

मी घाबरत "मेटल" म्हणाले, म्हणजे रॉकचाच जास्त दणक्याचा प्रकार. हा शब्द ऐकला की लोक एकतर हसतात, नाहीतर "पोरीच्या जातीला हे काय" म्हणतात. तुम्ही फक्त "लाव" म्हणालात. आयुष्यभर भजनी मंडळं, ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या वरातींचं साउंड केलेला माणूस डोळे मिटून चार मिनिटं माझं गाणं ऐकत बसला. घरातसुद्धा कोणी एवढं ऐकलेलं नाही, आप्पा.

ऐकून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "यात ढोल दोघं वाजवतात का?" मी सांगितलं, एकच माणूस, दोन पायांनी दोन पेडल. "मग प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला पाहिजे. इथे सगळं एकत्र कालवलंय." दोन वर्षं मला जे सांगता येत नव्हतं, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जास्त बास, म्हणजे खालचा जाड आवाज, लिहिलेला तो हेडफोन मी हौसेने घेतला होता. मेटल म्हणजे दणका, तेव्हा बास भरपूर हवा, एवढंच माझं गणित होतं. तुम्ही दुकानातल्या कॅलेंडरमागे लिहून दाखवलंत ते पान मी मागून घेतलं, अजून माझ्याकडे आहे. बास गिटारची सगळ्यात जाडी तार साधारण 41 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 41 कंपनं, साध्या गिटारची 82 ला, मोठा ढोल त्याच शेजारात. तिथला आवाज फुगवला की तिघं एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि ती सूज वर चढून गिटारही झाकते. गिटारची करवत चालते ती मधल्या पट्टीत, हजार ते चार हजार हर्ट्झच्या आसपास. "बँडमध्ये क्लॅरिनेट दबलं ना, तर ढोल कितीही बडवा, वरात पुढे सरकत नाही," असं तुम्ही म्हणालात. रॉक आणि मेटलसाठी हेडफोन निवडताना मिड, म्हणजे ही मधली पट्टी, आधी बघायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी तुम्ही कपाटातून तुमचा स्वतःचा सोनी एमडीआर 7506 काढलात. फोनच्या जुन्या दोरीसारखी गुंडाळीची वायर, कपावर निळी पट्टी. हे मॉडेल 1991 पासून बाजारात आहे, स्टुडिओतले लोक आजही वापरतात, हे मी नंतर वाचलं. त्यावर गिटार एकदम समोर आली, पण ढोल पोकळ वाटला. मी तसं म्हणताच तुम्ही काही न बोलता दोन्ही कप बोटांनी हलकेच दाबलेत. खालचा सगळा आवाज परत आला! सोडलंत, गेला. पुन्हा दाबलंत, आला. माझ्या चष्म्याची काडी गादी उचलून धरत होती आणि त्या फटीतून बास निसटत होता. चष्मा काढून ऐकलं, तेव्हा कुठे खात्री पटली. किती हेडफोनना मी उगाच नावं ठेवली असतील! कोणत्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. बारीक काडीचा चष्मा आणि मऊ, जाड गादी, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो.

मग आला तो ग्रॅडो कंपनीचा हेडफोन, तुमच्या पुतण्याचा. रॉक म्हटलं की जाणकार पहिलं नाव त्याचंच घेतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1953 पासून चालत आलेली घरची कंपनी, मागून उघडे कप, फोमच्या गाद्या. आप्पा, त्यावर गिटार ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, तुम्ही पाहिलंतच. तारेवर पिक घासल्याची खरखरसुद्धा येत होती. मी तिथल्या तिथे "हाच घेते" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "आज घरी ने. रात्री अकराला कूलर लावून ऐक, मग सांग."

मे महिना, धुळ्याचं ऊन, आणि आमच्या एका खोलीत मी, आई आणि कूलर. उघड्या कपातून कूलरची घरघर सरळ आत आली आणि बास गिटारच्या नेमकी वर बसली. मी आवाज वाढवत गेले. मध्येच आई उठून बसली, म्हणाली, "डबा कुठे वाजतोय गं?" हेडफोनचा यात काही दोष नाही, त्याची रचनाच उघडी आहे, आवाज आत येतो तसा बाहेरही जातो; शांत, स्वतंत्र खोलीत तो राजा आहे. माझ्याकडे तशी खोली नाही. हे तुम्ही मला तोंडाने सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

तुमचं सगळ्यात मोठं काम मात्र मला पुढेच कळलं. मी तक्रार घेऊन आले होते की तिसऱ्या हेडफोनवरही बास गिटार गायब आहे. तुम्ही गाणं दोनदा ऐकलंत आणि म्हणालात, "ढोल स्वच्छ, गिटार स्वच्छ. खालचा सूर भरलेलाच नाही. हेडफोन कुठून आणणार?" तो मेटॅलिका या मेटल बँडचा 1988 चा अल्बम होता. तुम्हाला त्यातलं नाव-गाव काही माहीत नव्हतं. घरी जाऊन शोधलं तर सगळं लिहिलेलं! त्यांचा बास वाजवणारा क्लिफ बर्टन 1986 मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि त्याच्यासोबतच्या पहिल्याच पूर्ण अल्बममध्ये सगळी वाद्यं एकत्र बसवताना बास इतका दबका ठेवला की ऐकणारे आजवर त्यावर बोलतात. धुळ्यातल्या दुकानात बसून तुम्ही ते नुसत्या कानाने ओळखलंत. तेव्हापासून मी परीक्षेला आयर्न मेडन हा बँड लावते. त्यांच्या स्टीव्ह हॅरिसचा बास घोड्याच्या टापांसारखा पुढे पळतो; त्या टापा मोजता आल्या तर हेडफोन पास.

शेवटी घेतला तो बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो. बंद कप, म्हणजे कूलर बाहेर. मखमली गाद्या, म्हणजे चष्म्याशी जमतं आणि उन्हाळ्यात रेक्झिनसारख्या कानाला चिकटत नाहीत. 250 ओहमचा घेऊ नकोस, एवढा विरोध मोबाइलला झेपणार नाही, 80 चा घे, हेही तुमचंच. वरच्या टोकाला तो जरा जास्त चमकतो, म्हणून इक्वलायझरमध्ये, म्हणजे मोबाइलमधल्या सूर चढवायच्या-उतरवायच्या सोयीत, 8 हजार हर्ट्झच्या आसपास थोडं उतरवलंय. आता तासभर ऐकलं तरी झांजा टोचत नाहीत. ग्रॅडोवरची ती गिटार मला अजून आठवते, खोटं कशाला बोलू. पण रात्री अकराला, आई शेजारी झोपलेली असताना, दोन पायांचे ठोके एकेक करून मोजता येतात.

आणि आवाजाचं. आठवड्याला 40 तास ऐकायचं तर 80 डेसिबलच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यावर दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. हा हिशोब तुम्ही मला तीनदा सांगितलात. मी दरवेळी "हो आप्पा" म्हणाले. बंद कपामुळे आता मोबाइलची पट्टी निम्म्यावरच असते.

एक गोष्ट विचारायचं धाडस त्या वेळी झालं नाही. प्रत्येक हेडफोन लावला की तुम्ही मला विचारायचात, "उजवीकडची झांज कशी येते?" मला वाटायचं माझी परीक्षा चाललीय. परवा तुमच्या मुलाने सांगितलं की वरातीतल्या स्पीकरच्या भिंतीशेजारी उभं राहून तुमचा उजवा कान वरच्या आवाजांना कधीच बंद झालाय, आणि रात्री त्यात शिट्टी वाजत राहते. तुम्ही खरंच विचारत होतात.

आप्पा, छान येते. काठीचं टोक आधी लागतं, टिक् असं, आणि मग पितळ पसरत जातं, बराच वेळ, अगदी कडेपर्यंत. रविवारी येतेय. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायचं ठरवलंय. नवीन गाणं आणते, डावीकडचं तुम्ही सांगा, उजवीकडचं मी सांगते.

तुमची,
जॅकवाली पोरगी