कर्णनाद ‘कायमचा बंद’?

भ्रामरी प्राणायामाने (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडण्याने) कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज, कायमचा बंद होतो, असे सांगणारा आपल्या योगदिन पुरवणीतील लेख वाचला. गेली नऊ वर्षे माझ्या दोन्ही कानांत रातकिडे किरकिरत आहेत, त्यामुळे लेख वाचताना क्षणभर आशा वाटली, हे कबूल करते. पण ‘कायमचा बंद’ हे शब्द खटकले. कर्णनादामागे अनेकदा आतल्या कानातील, आवाज टिपणाऱ्या केसपेशींची हानी असते आणि त्या एकदा मेल्या की कोणत्याही आसनाने परत येत नाहीत.

योगाचा उपयोग वेगळा आहे. ताण आणि जागरण वाढले की हाच आवाज असह्य होतो. संथ श्वसन आणि शवासनाने माझी झोप सुधारली, आवाज तेवढाच राहिला तरी जाच कमी झाला. (नादानुसंधान या योगसाधनेत साधक आतला नाद ऐकण्यासाठी कान मिटतो. आमची अडचण नेमकी उलटी!) अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दीर्घकालीन, त्रासदायक कर्णनादासाठी विचार व वर्तन बदलणाऱ्या मानसोपचाराची शिफारस केली, आणि ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राची चाचपणी सुचवली. योग याच्या जोडीला हवा, बदली नव्हे.

लेखात एक चौकट तरी हवी होती: आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल किंवा अचानक बहिरेपण आले असेल, तर योगवर्गाआधी कानाचे डॉक्टर गाठावेत. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचारांचे पहिले दोन आठवडे महत्त्वाचे असतात.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा