शिंगेतीच्या पोथ्या आणि आपली मोडीची ट्रंक

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला आणि बाबांचा प्रश्न अर्धाच राहिला, की जुनी पुस्तकं बघायला कुणी वाळवंटात जातं का? म्हटलं, तुकड्यातुकड्यांत मेसेज पाठवण्यापेक्षा सरळ पत्रच लिहावं.

गावाचं नाव शिंगेती. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशाच्या आतल्या भागात, अद्रारच्या पठारावर. राजधानी नुआकशॉटहून अतार गावापर्यंत चारशेहून जास्त किलोमीटर डांबरी रस्ता आणि वाटेत ठिकठिकाणी चौक्या. दर चौकीवर पासपोर्टची माहिती असलेला कागद द्यावा लागतो, म्हणून झेरॉक्सचा गठ्ठा घेऊनच निघायचं. अतारनंतर घाट चढून ऐंशीएक किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता. आई, हाडं खिळखिळी झाली, पण बरोबर दुसरी मंडळी होती, ड्रायव्हरही पोक्त होता, तेव्हा काळजी नको.

तेराव्या शतकापासून हे व्यापाराचं गाव. मीठ, खजूर घेऊन उंटांचे तांडे इथून जायचे आणि पश्चिम सहारातले यात्रेकरू मक्केला निघायच्या आधी इथे जमायचे. त्यामुळे इथली माणसं आपल्या गावाला इस्लामचं सातवं पवित्र शहर म्हणतात. सातवं कुणी ठरवलं हे विचारण्यात अर्थ नाही, पण एके काळी अरब मुलुखात हा सगळा प्रदेशच या गावाच्या नावानं ओळखला जायचा, एवढा इथल्या विद्वानांचा लौकिक. 1996 साली वादान, तिशित आणि वालाता या तीन गावांसोबत हे जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जुनी वस्ती आता अर्धीअधिक ओस आहे. दगडावर दगड रचलेल्या भिंती, ठेंगणे दरवाजे आणि गल्ल्यांमध्ये वाळू. काही घरांत तर ती छपरापर्यंत चढलीय. मशिदीच्या चौकोनी मिनाराच्या टोकांवर शहामृगाची अंडी बसवलेली आहेत. आम्हाला आत प्रवेश नव्हता, बाहेरूनच पाहिली.

ग्रंथालय म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं इथे काही नाही. ग्रंथ घराघरांत आहेत, एकेका घराण्याच्या मालकीचे. सगळ्यात मोठा संग्रह हाबोत घराण्याचा. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या एका पूर्वजानं जमवलेला, सुमारे 1400 हस्तलिखितांचा. आम्ही गेलो ते घर त्याहून लहान. दाराला कुलूप लाकडी आणि किल्लीही लाकडी, वीतभर, टोकाला उभ्या खुंट्या ठोकलेली. मालकांनी ती भोकातून आत घातली, जराशी वर उचलली, आतले दात सुटले आणि अडसर सरकला. बाबा, तुम्ही असतात तर ते कुलूप खोलून बघितल्याशिवाय पुढे गेला नसतात!

आत लोखंडी कपाट आणि पुठ्ठ्याचे खोके. पुस्तकांना चामड्याची वेष्टनं, पण आतली पानं कित्येकदा शिवलेलीच नसतात, सुटी असतात. आपल्या बासनातल्या पोथीसारखीच. पानं इकडची तिकडे होऊ नयेत म्हणून पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवलेला. कागद इथे होत नसे, तो दूरवरून उंटावर लादून यायचा. म्हणून समासाची जागाही वाया घालवलेली नाही, तिथे बारीक अक्षरात टीका, कधी आडवी, कधी उलटी. कुराण आणि धर्मशास्त्र तर आहेच, शिवाय खगोल, गणित, वैद्यक, काव्य. मालकांनी पांढरे हातमोजे चढवले होते, तरी पान उलटायच्या आधी बोट सवयीनं ओठांकडे जायचंच.

पण मला जे सांगायचंय ते पुढेच आहे. त्यांनी इब्न मालिकचं अरबी व्याकरण काढलं. तेराव्या शतकातलं, हजार ओळींचं, सगळं पद्यात. दोनचार ओळी पानावरून वाचल्या आणि मग मान वर करून पुढचं तोंडपाठ म्हणत सुटले. इथल्या पाठशाळांत मुलं अजून लाकडी पाटीवर लिहितात. शाई कोळशाची नि डिंकाची. धडा पाठ झाला की पाटी धुवायची आणि पुढचा लिहायचा. माझं फ्रेंच कामचलाऊ, तरी धीर करून विचारलं, इथे वाळू, वाळवी, कधीमधी पाऊस. हे सगळं राजधानीत सुरक्षित जागी का देत नाही? ते म्हणाले, वाडवडिलांनी सांभाळायला दिलंय, गावाबाहेर नेणार नाही. पटलं का? निम्मं. खोक्यांच्या तळाशी वाळवीनं जाळी केलेली पानंही पाहिली. पण हा माणूस त्यातलं वाचतो, लोकांना समजावतो, म्हणून त्याचा हट्ट मला पोकळ वाटला नाही.

मग चहा. पुदिन्याचा, फेसाळ, तीनदा. पहिल्या पेल्यावर उठणं बरं दिसत नाही. आई, जेवायला उंटाचं मटण होतं, मी कुसकुस आणि खजुरावर भागवलं.

आता आपल्या ट्रंकेचं. दादा म्हणतो, पणजोबांचे मोडी कागद पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळाला देऊन टाकू. बाबा नको म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. माझं मत विचाराल तर कागद घरात राहिले काय नि मंडळात गेले काय, आपल्या घरात मोडी वाचणारे बाबा एकटेच आहेत. मला ‘श्री’च्या पुढे काही लागत नाही आणि दादाला तेवढंही नाही. नुसती ट्रंक सांभाळून काय करणार? म्हणून डोळ्याचं ऑपरेशन झालं की बाबांनी रोज एक कागद मोठ्यानं वाचायचा आणि आईनं फोनवर रेकॉर्ड करायचा. चिन्मयीला शेजारी बसवा, दहावीची सुट्टी आहे तिची. प्रत्येक कागदाचा फोटो काढून मागे पेन्सिलीनं नंबर टाका, पेननं नको. तोपर्यंत ट्रंक जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, खालच्या बाजूला ओल येते. द्यायचे की ठेवायचे ते मी दिवाळीत आले की तिघं-चौघं बसून ठरवू.

ऑपरेशनची तारीख नक्की झाली की लगेच कळवा. आणि बाबा, शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नव्हे.

तुमची,
धाकटी