ती खुर्ची जपानी नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या फर्निचरवरचा लेख वाचला. लेख छान आहे. फक्त त्यातल्या लाल-सोनेरी खुर्चीच्या फोटोखाली 'जपानी लाखकाम' असं छापलं आहे, तिथे अडखळलो. यातला 'जपानी' हा शब्द चुकला आहे. 'लाखकाम' बरोबर आहे, पण तेही चुकून बरोबर आलं आहे. फर्निचर पॉलिशच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी खुर्चीचं पाहू. उंच पाठ, कमानदार पाय, वेताने विणलेली बैठक. जपानातली जुनी घरं चटईवर बसणाऱ्यांची, तिथे असली खुर्ची कुणाला हवी होती? फोटोवरून ती लंडनच्या क्लर्कनवेल भागातल्या जाइल्स ग्रेंडी या कारागिराच्या प्रसिद्ध लाल संचातली वाटते. 1735 ते 1740च्या सुमारास त्याने स्पेनमधल्या इन्फांतादोच्या ड्यूकसाठी निदान 77 नग बनवले आणि ते लाझ्कानोच्या वाड्यात जाऊन पडले. दोनशे वर्षांनी व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याने ते विकत घेतले, मग जगभर पांगले. पूर्वेचा मुलूख न पाहिलेल्या इंग्रजाने, पूर्वेच्या थाटात, स्पॅनिश सरदारासाठी केलेलं हे काम. इंग्रजीत त्याला 'जपानिंग' म्हणतात. घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

आता लाखेचं. लाख म्हणजे कुसुम, पळस, बोर या झाडांवर बसणाऱ्या किड्याची राळ. तिचा चपडा करतात, तो स्पिरिटमध्ये विरघळवला की आमचं पॉलिश तयार. जपानी आणि चिनी चकचकीत पेट्यांवर जे असतं त्याचा या किड्याशी काडीचा संबंध नाही. तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. खोडाला चरे देऊन काढतात आणि ओला असताना अंगाला लागला तर बिब्ब्यासारखा उततो. मात्र युरोपियनांना चकचकीत लेपासाठी आपल्याकडचा 'लाख', संस्कृतातला 'लाक्षा' हा शब्द आधीच सापडला होता. पोर्तुगीजांच्या तोंडून तो तिकडे गेला, त्याचं 'लॅकर' झालं आणि पुढे चीन-जपानचा मालही त्याच नावाने विकला गेला. म्हणजे ज्याच्यात लाख नाही त्याला लाखेचं नाव, आणि ज्याच्यात आहे त्याला जपानचं.

हा फरक मला पावसाळ्यात कळला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर स्पिरिट पॉलिशचं काम म्हणजे डोकेदुखी. हवेत दमटपणा असला की हात मारल्या मारल्या पॉलिश पांढरं पडतं, धुकं धरल्यासारखं. उस्ताद सरळ काम बंद ठेवायचे. उरुशीचं नेमकं उलटं. त्या चिकाला सुकायला कोरडी हवा नको, दमट हवी. त्यातलं एक विकर (एन्झाइम) दमट हवेतला प्राणवायू ओढून चिकाचं कठीण कवच करतं. म्हणून जपानी कारागीर वस्तू ओलसर ठेवलेल्या कपाटात वाळायला घालतात. मुंबईचा जुलै त्यांना मानवला असता!

युरोपात ते झाड नव्हतं, आणि चीक काही महिन्यांच्या समुद्रप्रवासात धड टिकणारा नव्हता. माल मात्र डचांच्या जहाजांतून येत होता, महाग होता आणि प्रत्येक श्रीमंताला हवा होता. मग हाताशी जे होतं त्यावर भागवलं गेलं, म्हणजे आपल्याकडून गेलेली लाख. 1688 साली जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर या दोघांनी ऑक्सफर्डला या कामाचं पुस्तकच छापलं. त्यातली रीत कुठल्याही पॉलिशवाल्याला ओळखीची वाटेल. उघड्या रेषांचं लाकूड असेल तर सरस आणि खडूचं अस्तर. मग दाणेदार लाखेच्या व्हार्निशमध्ये काळ्यासाठी काजळी, लालसाठी हिंगूळ कालवून हातावर हात. त्यावर बिनरंगी व्हार्निशचे आणखी कितीतरी हात, आणि शेवटी त्रिपोली मातीची पूड ओल्या फडक्यावर घेऊन घासाई. डोंगर, माणसं उठावात हवी असतील तर गोंदाच्या पाण्यात खडू आणि तांबडी माती कालवून त्याचे थेंब ठेवत जायचं, वर सोन्याची नाहीतर पितळेची पूड. जपानी कारागीर सोन्याची पूड ओल्या चिकावर शिंपडतो, ती त्यातच रुतून बसते. इकडे सोनं गोंदावर टेकलेलं आणि वर व्हार्निशचा पडदा. शे-दोनशे वर्षांत तो पडदा पिवळा होतो. पांढरं जपानिंग सायीच्या रंगाचं दिसतं, निळं हिरवट.

याच पुस्तकात दोघं खुशाल सांगतात की पूर्वेकडच्या चित्रांतली प्रमाणं जिथे लंगडी वाटली तिथे आम्ही ती जरा सावरून घेतली. सावरून घेतली म्हणजे काय, तर देवळाहून मोठा पक्षी, पुलावर मावणार नाही असा माणूस, आणि चेहरा पाहावा तर लंडनच्या भटारखान्यातला! मला ही चित्रं मनापासून आवडतात. फसलेली नक्कल म्हणून पाहिली तर त्यातली गंमत हाती लागत नाही.

खऱ्या मालाचे हाल तर याहून वाईट झाले. कोरीव रंगीत चिनी लाकडी पडदे आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जात, म्हणून त्यांना नावही 'कोरोमंडल' पडलं. युरोपातल्या सुतारांनी ते करवतीने कापून कपाटांच्या दारांना डकवले. कापताना चित्र कुठे तुटतं याची पर्वा नाही, माणसं आडवी, झाडं उलटी. स्टॉकर-पार्करनी या प्रकाराची टर उडवली आहे. पॅरिसच्या मार्टिन बंधूंनी 'व्हर्नी मार्तां' नावाचं स्वतःचं व्हार्निश काढून राजाकडून हक्क मिळवले. व्हेनिसमध्ये ज्यांना चितारी परवडत नव्हता त्यांनी छापील चित्रं कात्रीने कापून चिकटवली आणि वरून व्हार्निश फासलं.

तुम्ही म्हणाल, एका फोटोओळीसाठी एवढं कशाला? त्याचं कारण माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आहे. मी बाविशीत असताना दक्षिण मुंबईतल्या एका घरी उभ्या घड्याळाच्या पेटीचं काम आलं होतं. माणसाहून उंच विलायती पेटी, काळी, दारावर सोनेरी मनोरा आणि दोन छत्रीवाले. घरमालक 'जपानी आहे' म्हणाले. उस्तादांकडून ऐकलं होतं की जपानी माल स्पिरिटला दाद देत नाही, आणि खऱ्या उरुशीबाबत ते खरंच आहे. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि मळ काढायला मनोऱ्यावरून फिरवला. बोळा उचलला तर मनोरा बोळ्यावर होता. दारावर काजळाचा फराटा आणि खालची पांढरी माती. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता माझ्या हातातली बाटली काढून घेतली, आणि पुढचे सहा महिने मला काचपेपरच्या कामाला लावलं. मालकांनी पैसे कापले ते वेगळेच.

अशी विलायती घड्याळं, ट्रे, डबे मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत अजून आहेत. तुमची पुरवणी वाचून कुणी 'जपानी' म्हणून ती स्पिरिटने पुसायला घेतली तर परत मिळणार नाहीत. आणि घरातली आजीची हातशिलाईची मशीन, काळ्या अंगावर सोनेरी नक्षी असलेली, ती याच खानदानातली. फक्त तिथे लाखेऐवजी डांबराचं व्हार्निश लोखंडावर भट्टीत भाजलेलं. हार्डवेअरच्या दुकानात आजही ग्रिलसाठी 'ब्लॅक जपान'चा डबा मागतात. त्या डब्यात जपानचं काय आहे, हे मी अनेक गिऱ्हाइकांना विचारून पाहिलं आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापाल का? 'इंग्लंड, अठरावं शतक, जपानिंग. स्पिरिट लावू नये.' एवढं पुरे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पॉलिशवाला
गिरगाव, मुंबई